जमीन वाटली गेली, पाळी वाटली गेली नाही : महार वतन आणि शेतीच्या वारशाचा प्रश्न

बाप थकला, मुलगा शेतीत यायला तयार नाही, आता बागेचे काय होणार? नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न हल्ली सगळीकडे ऐकू येतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात, लासलगावच्या कांदा बाजारात, कृषी प्रदर्शनांच्या मांडवात. शेतकऱ्याच्या पोराला लग्नाला मुलगी मिळत नाही, म्हणून तो पुण्यात पंधरा हजारांची नोकरी धरतो, म्हणून बाग विकायला निघते, अशी साखळी सांगितली जाते. प्रश्न खोटा नाही. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली. एवढ्याशा तुकड्यावर दोन भाऊ आणि त्यांची लेकरे कशी जगणार, हे विचारणे रास्तच आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. ही सगळी चर्चा ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यापासून सुरू होते आणि त्याच्याच मुलापाशी संपते. शेती बापाकडून मुलाकडे जाते ही जणू निसर्गाची रीत, आणि आता ती रीत मोडतेय म्हणून हळहळ. पण महाराष्ट्राच्या गावगाड्यात शेतीचा वारसा ही कधीच नुसती घरातली गोष्ट नव्हती. कुणाच्या मुलाला काय मिळणार हे कायद्याने, सरकारने आणि गावाने ठरवलेले होते. पूर्वाश्रमीच्या महारांच्या बाबतीत तर ते कागदोपत्री, कलमवार ठरवलेले होते. तो इतिहास बाजूला ठेवून शेतीच्या वारशावर बोलणे म्हणजे अर्ध्या गावाविषयी बोलणे.

महार वतन म्हणजे काय, हे आजच्या तरुणाला सांगावे लागते. गावची राखण, सरकारी टपाल पोचवणे, वसुलीच्या वेळी रयतेला बोलावून आणणे, हद्दीची साक्ष, येणाऱ्याजाणाऱ्या अंमलदाराची सरबराई, मेलेली गुरे ओढणे, ही आणि अशी अनेक कामे महारांनी वंशपरंपरेने करायची. बदल्यात बलुते आणि हाडकी-हाडोळ्याची थोडी जमीन. इंग्रज सरकारने ही व्यवस्था मोडली नाही. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्देविषयक कायद्याने, म्हणजे वतन कायद्याने, तिला पक्के केले. त्या कायद्याचे पाचवे कलम वाचण्यासारखे आहे. वतनदाराला सरकारच्या परवानगीशिवाय आपली वतनी जमीन त्याच वतनाबाहेरच्या माणसाला स्वतःच्या हयातीपलीकडे गहाण, विक्री किंवा भाडेपट्ट्याने देता येत नव्हती. म्हणजे जमीन त्याची, पण तो जिवंत असेपर्यंत. मेल्यावर ती पुढच्या वारसाकडे जाणार, आणि जमिनीबरोबर काम जाणार. मालकी म्हणायचे तर ती जमिनीची माणसावर होती.

यातली खरी मेख वाटणीत आहे. समजा, एखाद्या गावात महार वतनाची आठ एकर जमीन आहे आणि सुरुवातीला चार घरे आहेत. दरेक घराला दोन एकर. तीन पिढ्यांत चाराची सोळा घरे झाली, तर दरेकाला अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे. जमीन मात्र आठ एकरच. कारण वतन वाढवून देण्याची जबाबदारी कुणावरच नव्हती. आता कामाचे बघा. काम पाळीने होते. ज्या घराची पाळी आली त्या घराने ती पुरी निभवायची. दोन एकरवाल्या आजोबाला जेवढी हाक यायची, तेवढीच वीस गुंठेवाल्या नातवाला. रात्री अपरात्री बोलावणे आले तर उठायचे. तो घरात नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचे. जमिनीचे तुकडे पडत गेले, कामाचे पडले नाहीत. बापाकडून मुलाकडे शेती कमी कमी होत गेली आणि वेठ होती तेवढीच राहिली.

आणि मुलीचे काय? १८८६ च्या मुंबई कायदा क्रमांक ५ ने वतनाच्या वारसाहक्कात शेवटच्या पुरुष वतनदाराच्या विधवेखेरीज बाकी सगळ्या स्त्रियांना कुटुंबातल्या प्रत्येक पात्र पुरुषाच्या मागे ढकलले. मुलगी जवळची आणि चुलतभाऊ लांबचा, तरी आधी तो. हा कायदा सगळ्याच वतनदारांना लागू होता, पाटलांनाही आणि महारांनाही. त्यामुळे आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून 'वतनात लेकीचा वाटा नसतो' असे आजही ऐकू येते, ते निव्वळ अडाणीपणातून आलेले नाही. एकेकाळी तो कायदा होता. आता तो नाही, हे सांगायचे काम मात्र आपले.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांचे शेतीवरचे लिखाण वाचले पाहिजे. आपल्याकडे बाबासाहेब म्हटले की राज्यघटना, धर्मांतर, पाणी, मंदिर आठवते. शेतजमिनीच्या वाटणीवर त्यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९१८ साली, इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात एक दीर्घ निबंध लिहिला हे फार थोड्यांना माहीत असते. विषय भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरचे उपाय. त्या काळात सरकारी अधिकारी आणि अर्थशास्त्रज्ञ यांचे निदान ठरलेले होते : हिंदूंच्या वारसाहक्कामुळे जमीन सगळ्या मुलांत वाटली जाते, तुकडे पडतात, म्हणून शेती तोट्यात जाते. उपाय? जमीन एकाच वारसाच्या नावे ठेवावी. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याचे संचालक कीटिंग यांची सूचना याच धर्तीची होती.

बाबासाहेबांनी हे निदान उलटे केले. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. शेताला लागणारे बैल, अवजारे, भांडवल, मजुरी यांचा मेळ ज्या आकाराशी बसतो तो आकार योग्य. अवजारेच नसतील तर मोठे शेतसुद्धा तोट्याचे. आणि तुकडे पडतात ते वारसा कायद्यामुळे नव्हे, तर शेतीशिवाय दुसरे काही करायला नाही म्हणून. गावात चार भाऊ असतील आणि एकालाही बाहेर काम नसेल, तर चौघेही जमिनीवरच टेकणार. त्या बसलेल्या हातांना उद्योगात ओढून घ्या, म्हणजे शेतीवरचा भार आपोआप हलका होईल, हा त्यांचा उपाय होता. शंभर वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आज 'मुलगा शेती सोडून चालला' म्हणून रडणाऱ्यांसमोर ठेवला पाहिजे. मुलगा शेती सोडून जातो हे संकट नाही. तो जिथे जातो तिथे त्याला धड काम मिळत नाही, हे संकट आहे.

नऊ वर्षांनी हाच प्रश्न मुंबई विधिमंडळात आला. १९२७ च्या लहान धारणक्षेत्र विधेयकात एका ठरावीक आकाराखाली जमिनीचे वाटप होऊ द्यायचे नाही, अशी योजना होती. १० ऑक्टोबर १९२७ रोजी बाबासाहेब त्याविरुद्ध बोलले. त्यांचा मुद्दा साधा होता. एकाला जमीन देऊन बाकीच्या वारसांना बाहेर काढले, तर ते बाकीचे भूमिहीन मजूर होतील. शेती सुधारण्याच्या नावाखाली तुम्ही भूमिहीनांची फौज उभी कराल. त्यापेक्षा मालकी ज्याची त्याच्याकडे राहू द्या आणि कसणे एकत्र करा, सहकारी शेती करा. विधेयक पुढे बारगळले.

इथे जरा थांबले पाहिजे. ज्या माणसाच्या समाजाकडे जमीनच जवळपास नव्हती, तो माणूस जमीनवाल्या कुणबी शेतकऱ्याच्या धाकट्या मुलांच्या हक्कासाठी भांडत होता. बाबासाहेब फक्त एका जातीचे नेते, असे म्हणणाऱ्यांनी ते भाषण वाचावे. आणि दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्सच्या रूपाने हजारो लहान बागायतदार एकत्र येऊन माल पाठवतात, त्याचे कौतुक करताना हेही आठवावे की मालकी ठेवून एकत्र येण्याची कल्पना या राज्याच्या विधिमंडळात कुणी मांडली होती. मुळात कसणेच एकत्र व्हावे असे बाबासाहेब म्हणत होते. आज एकत्र होते ते मुख्यतः माल गोळा करणे, प्रक्रिया आणि विक्री. शिवाय शेतकरी उत्पादक कंपनीत शिरायला आधी उत्पादक असावे लागते. छाटणी करणारा, डिपिंग करणारा मजूर त्यात भागधारक नसतो. पण ते असो.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी महार वतनावरचे विधेयक मांडले. 'बहिष्कृत भारता'तून ते या प्रश्नावर लिहीतच होते. विधेयकाचा गाभा असा : ज्या वतनदाराला वतनातून सुटायचे आहे त्याला सुटता यावे, आणि सुटताना त्याची जमीन सरकारजमा होऊ नये. त्याने पूर्ण शेतसारा भरावा आणि इतर रयतेसारखी ती जमीन रयतावा म्हणून कसावी. जमीन आणि वेठ यांची गाठ सोडवायची होती, म्हणजे मुलाला बापाची जमीन मिळेल पण बापाची पाळी मिळणार नाही. विधेयक निवड समितीकडे गेले, तिथे त्याची मूळ धार बोथट झाली, आणि १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. गावच्या कामाला सरकारला पगारी नोकर परवडत नव्हते. वतनदार स्वस्तात पडत होता. आपल्यातही काही जुनी माणसे वतन सोडायला राजी नव्हती, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. वतनाला मान होता, आणि माणूस साखळीलाही दागिना समजू लागतो.

नाशिक जिल्हा या लढ्यात मागे नव्हता. काळाराम मंदिर सत्याग्रह (२ मार्च १९३०) आणि येवल्याची घोषणा (१३ ऑक्टोबर १९३५) सगळ्यांना पाठ आहेत. सिन्नर कुणाला आठवत नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये सिन्नरला महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. वतनी जमिनीवरची जुडी, म्हणजे सरकारने घ्यायचा कमी दराचा सारा, सरकारने वाढवला होता. एका हाताने फुकट राबवून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने कर वाढवायचा. कर न भरण्याची भाषा त्या परिषदेत झाली. मंदिराच्या दारापुढचा इतिहास आम्ही दर वर्षी साजरा करतो, तो करावाच. पण सातबाऱ्याच्या रकान्यातला इतिहासही आपलाच आहे आणि त्याला हारतुरे कुणी घालत नाही.

स्वातंत्र्यानंतर वतन गेले. मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा १९५८ चा, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. वेठ कायद्याने संपली, हे फार मोठे काम झाले. पण वारशाच्या प्रश्नात या कायद्याने काय केले ते नीट पाहा. वतनी जमिनी आधी सरकारजमा झाल्या. मग वतनदाराने ठरल्या मुदतीत पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम भरली, तर ती जमीन त्याला पुन्हा प्रदान करायची. रक्कम भरली नाही तर तो स्वतःच्या हाडोळ्यावर अनधिकृत कब्जेदार ठरणार. ज्यांनी भरली त्यांना जमीन मिळाली ती 'नवीन अविभाज्य शर्ती'वर. पाचव्या कलमाप्रमाणे अशी जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि सरकार ठरवील ती रक्कम भरल्याशिवाय हस्तांतरित करता येत नाही, आणि सरस-निरस मोजून तिचे वाटपही करता येत नाही.

अविभाज्य. १९२७ साली बाबासाहेबांनी जी गोष्ट सगळ्या शेतकऱ्यांसाठी नाकारली, ती १९५८ साली त्यांच्याच माणसांच्या जमिनीला चिकटवली गेली. कुणी म्हणेल, ही अट पाटील-कुलकर्णी वतनांनाही होती. होती. पण पाटलाच्या घरी वतनाखेरीज रयतावा जमीन होती, ती तो मुलांत वाटू शकत होता. महाराच्या घरी बहुधा तेवढीच एक जमीन होती. एकच अट दोन घरांवर सारखी पडत नाही. आणि सरकारची बाजूही आम्हांला माहीत आहे : अट नसती तर सावकाराने आणि बिल्डरने जमिनी कधीच गिळल्या असत्या. तो धोका खरा होता. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीचा व्यवहार गाजला तेव्हा तो सगळ्यांनी पाहिला. पण त्या प्रकरणाने दुसरी गोष्टही दाखवली. अट बड्यांना अडवत नाही. ती अडवते ती आजोबांच्या तुकड्यावर विहीर खोदू पाहणाऱ्या नातवाला.

कसे, ते सांगतो. अविभाज्य जमिनीत वतनदार वारला की वारस नोंद होते. गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नावे चढतात, फेरफार होतो, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे एकत्र लागतात. पोटहिस्से मोजले जात नाहीत. दुसऱ्या पिढीत बारा नावे, तिसऱ्या पिढीत चाळीस. त्यांतले निम्मे नाशिकरोडला, देवळालीला, कल्याणला, उल्हासनगरला. पाच-सात मयत, त्यांच्या वारसांची नोंदच नाही. प्रत्यक्ष कसणारा एकच म्हातारा असतो. तो पीककर्ज मागायला गेला की सोसायटी सगळ्या खातेदारांची संमती मागते. ठिबकचे अनुदान, विहीर, शेततळे, सगळीकडे तेच. वारस नोंदींच्या कामात आम्ही अनेक वस्त्यांवर बसलो आहोत. एका कचेरीत तर एका मयत खातेदाराच्या वारसांचा अर्ज दोन वर्षे पडून राहिला, कारण एका वारसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे. दोन वर्षांत अर्ज करणारा म्हाताराच वारला. मग नवा अर्ज.

ही नुसती कागदांची अडचण नाही. बागायतदाराचा मुलगा शेतीत यायचे की नाही हे ठरवतो, तेव्हा त्याच्यापुढे निदान निवड असते. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करून बाप हयातीत मुलांना वाटप करून देऊ शकतो. कुणाला बाग, कुणाला माळ, कुणाला पैसे. वतनी जमिनीवरच्या म्हाताऱ्याला हयातीत काहीच देता येत नाही. तो मरतो तेव्हा मुलांना शेत मिळत नाही, चाळीस नावांच्या यादीत आणखी चार नावांची जागा मिळते. शेती 'पुढच्या पिढीकडे' जात नाही, ती गोठते. मग कुणीतरी मधला माणूस येतो, एकेकाला गाठतो, कुलमुखत्यारपत्रावर पाच-पाच हजार देऊन सह्या घेतो. ही गोष्ट शहरांच्या कडेच्या गावांत इतकी झाली आहे की आता तिचे कुणाला नवल वाटत नाही.

बाकी समाजासाठी तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीच आला होता. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल असे वाटप त्याने बेकायदा ठरवले. लोकांनी तो पाळला नाही, कारण पोट कायदा पाळत नाही. शेवटी २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे खाली आणावे लागले. जमीनवाल्यांचा रेटा मोठा असला की कायदा वाकतो. अविभाज्य शर्तीच्या बाबतीत तो रेटा कुणी लावायचा?

दादासाहेब गायकवाडांनी लावला होता. आंबे, तालुका दिंडोरी, हे त्यांचे गाव. जन्म १९०२ चा. १९५७ ते १९६२ नाशिकचे खासदार. १९५९ चा आणि पुन्हा १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. दुसऱ्या सत्याग्रहात देशभर लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, ही मागणी. दादासाहेबांनी ओळखले होते की वतनाच्या चार गुंठ्यांसाठी भाऊबंदकी करत बसण्यापेक्षा, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला नवी जमीन मिळाली पाहिजे. आणि ती एका जातीपुरती नको. त्या लढ्यात इतर जातींचे भूमिहीनही होते आणि कम्युनिस्टही बरोबर होते.

त्या लढ्यातून पुढे गायरानांचा प्रश्न आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय नोव्हेंबर १९९१ मध्ये निघाला. ज्यांनी त्याआधी आणि त्या काळात गायरान फोडले ते आज सत्तरीपलीकडे आहेत. त्यांची नावे फार तर गाव नमुना एक-ई मध्ये, अतिक्रमणाच्या नोंदवहीत. अतिक्रमणाला वारस नोंद नसते. आजीने चाळीस वर्षे दगड वेचून शेत केले, तिच्या मागे मुलगा तेच शेत कसतो, पण कायद्याच्या डोळ्यांत तो नव्याने आलेला अतिक्रमक. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालाचा आधार घेऊन गायराने मोकळी करायची मोहीम चालते. त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनी अपवाद म्हणून मान्य केल्या आहेत, हे नोटीस बजावणारा सांगत नाही. आपण सांगायचे. ज्या घरी म्हातारी हयात आहे त्या घरी आजच तिचे जुने दंडाचे कागद, पीकपाहणीचे उतारे गोळा करून ठेवा. ती गेल्यावर ते सापडत नाहीत.

आणि लेकींचे. बौद्धांना वारसाहक्काच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ लागू होतो, तसे कलम २ मध्येच आहे. हिंदू कोड बिल रखडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्मतः सहदायाद केले. ११ ऑगस्ट २०२० च्या विनिता शर्मा निकालाने उरलीसुरली शंका संपवली. इतके होऊन आपल्याच वस्त्यांवर बाप गेला की दहाव्या दिवशी बहिणींकडून हक्कसोडपत्राची भाषा सुरू होते. 'ताई, तुला काय कमी आहे, माहेर तुटेल.' भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यातच, चांदवडला, नोव्हेंबर १९८६ मध्ये लाखभर शेतकरी बायांचे अधिवेशन घेतले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत बाईच्या नावावर जमीन करण्याचा कार्यक्रम राबवला. त्या संघटनेशी आमचे दहा मतभेद आहेत, आरक्षणापासून खुल्या बाजारापर्यंत. पण जे काम हिंदू कोड बिलाच्या वारसदारांनी आधी करायला हवे होते ते त्यांनी केले, हे म्हणायला जड जाऊ नये.

आता पुन्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे, थकलेल्या बापाकडे. फ्रान्सने १९६२ च्या शेती कायद्याने म्हाताऱ्या शेतकऱ्याला एक तहहयात भत्ता देऊ केला. अट एकच, त्याने शेती सोडून जमीन दुसऱ्या कसणाऱ्याकडे द्यावी. तिथल्या सरकारला कळले होते की म्हातारा जमीन सोडत नाही, कारण जमीन हीच त्याची पेन्शन असते. आपल्याकडेही तेच आहे. २०१९ च्या प्रधानमंत्री किसान मानधन योजनेत साठीनंतर महिना ३००० रुपये मिळायचे आहेत, पण तेही १८ ते ४० वयात नाव घालून हप्ते भरणाऱ्याला. आज सत्तरीत असलेल्याला त्याचा उपयोग शून्य.

आणि शेत घेणारा कोण? मुलगा नाही म्हणाला की चर्चा थेट प्लॉटिंगवर जाते. वीस वर्षे त्याच बागेत छाटणी करणारा, कोणत्या ओळीत मुरूम आहे आणि कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते हे मालकाच्या मुलापेक्षा जास्त जाणणारा सालदार कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. कसण्याचे ज्ञान त्याच्याकडे पोचलेले असते. पोचत नाही ती जमीन. १९५७ च्या कूळकायद्याच्या कृषकदिनाला जमीन कुळाला मिळाली. सालदार कूळ नव्हता, त्याच्या नावाची पीकपाहणीत नोंदच नव्हती.

दादासाहेबांच्या नावाने राज्यात सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे, २००४ पासून. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून पूर्ण अनुदानावर, पण जमीन खरेदीची कमाल मर्यादा जिरायत एकरी ५ लाख, बागायत एकरी ८ लाख. दिंडोरी-निफाडात आठ लाखांत बागायत एकर कोण देतो? दादासाहेबांच्या स्वतःच्या तालुक्यात त्यांच्या नावाची योजना जमीन विकत घेऊ शकत नाही. मग लांबचा, खडकाळ, वादातला माळ सुचवला जातो आणि लाभार्थी तो नाकारतो, किंवा घेतो आणि पुन्हा मजुरीला जातो.

आमची मागणी अशी. वतनी जमिनीच्या अविभाज्य शर्तीतून कुटुंबातल्या वारसांमधल्या वाटपाला कायमची सूट द्या, विक्रीवरचे बंधन हवे तर ठेवा. मोजणी सरकारी खर्चाने, वस्तीवर येऊन करा. सबळीकरण योजनेची दरमर्यादा तालुक्याच्या खऱ्या भावाला बांधा. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला वारस नाही किंवा वारस येणार नाही, त्याने आपली जमीन या योजनेला दिली तर त्याला रकमेखेरीज तहहयात भत्ता द्या. आणि सध्या योजनेत विधवा, परित्यक्त्या आणि अत्याचारग्रस्त यांना प्राधान्य आहे, ते तसेच राहू दे. त्यांच्याखाली चौथी ओळ घाला : त्याच शेतात ज्याने दहा वर्षांहून जास्त मजुरी केली असेल त्याचे कुटुंब, आणि नाव बाईचे आधी.